तलावाकाठचा आठवडा

आबांनी पिशवीतून बटणांचा डबा काढला तेव्हा ताई चहाचा ट्रे हातात धरून तशीच उभी राहिली.

"आबा, हे काय?"

"डबा."

"दिसतोय मला. आणलात कशाला?"

"ठरवायचंय ना आज? मग रीतीने ठरवू." एवढं बोलून आबा थांबले. हल्ली दोन वाक्यं झाली की त्यांना श्वास गोळा करावा लागे. ते करताना ते समोरच्या माणसाकडे न बघता खिडकीकडे बघत, म्हणजे समोरच्यालाही आपलं आपण कुठेतरी बघावं लागे.

थोरला सोफ्याच्या कडेला बसला होता, उठायच्या तयारीत असल्यासारखा. डबा पाहून तो हसला. बरं हसू नव्हतं ते.

"झाकण गंजलं असेल की. अकरा वर्षं झाली."

"तेल घालून आणलंय," आबा म्हणाले.

धाकटीने, म्हणजे धाकट्याच्या बायकोने, तो डबा पहिल्यांदाच पाहिला. लग्नाला सहा वर्षं झाली, पण सासरी त्याच्याबद्दल कोणी धड बोलत नसे. जे कळलं ते धाकट्याकडून, तुकड्यातुकड्याने. आबांची सगळी नोकरी लिफ्टच्या कंपनीत गेली. तिथला नियम असा, की ज्याने दोर बसवला त्याने तो पास करायचा नाही. तपासणारा माणूस दुसराच हवा. हाच नियम आबांनी घरी आणला. मोठं काही ठरवायचं असलं की ज्याला जे हवं त्याने त्याची उलटी बाजू मांडायची. अगदी जीव तोडून. स्वतःचा हट्ट दुसऱ्याच्या जागी बसून एकदा तपासायचा. मग मतदान. मत मात्र खरं द्यायचं आणि गुप्त. आईच्या शिवणाच्या डब्यातली बटणं, एका बाजूसाठी पांढरं, दुसऱ्या बाजूसाठी काळं.

शेवटचं मतदान थोरल्याच्या परदेशातल्या नोकरीवर झालं. त्याने 'मी इथेच राहतो'ची बाजू मांडली आणि सगळ्यांना कळलं की याला जायचंय. तरी डब्यातून चार बटणं 'राहा'ची निघाली. तो राहिला. त्यानंतर डबा फडताळात गेला आणि थोरला त्या घरात वस्तीला म्हणून कधी राहिला नाही.

"सुनेलाही मत," आबा म्हणाले. "जावयाला नाही."

"जावई कामावर गेलाय, सुटला बिचारा," ताई म्हणाली आणि तिने ट्रे ठेवला.

टेबलावर दोन कागद होते. एक गुळगुळीत, रंगीत. सुट्टीच्या कंपनीचा. पंचवीस वर्षं, दर वर्षी एक आठवडा. चाळीस जागा, दर वर्षी नवी जागा निवडायची. आईवडील मुख्य सभासद, तिन्ही मुलं सहसभासद. कंपनीची बाई चारला येणार होती, सवलत आजपुरतीच होती. अशा सवलती नेहमी आजपुरत्याच असतात, असं धाकटीला म्हणावंसं वाटलं होतं.

दुसरा कागद म्हणजे हाताने लिहिलेल्या पत्राची झेरॉक्स. एका निवृत्त दंतवैद्यांचं पत्र. बायको गेल्यावर त्यांना तलावाकाठचा दर वर्षीचा आपला आठवडा विकायचा होता. तळमजल्यावरची सात नंबरची खोली, नऊ वर्षं शिल्लक. किंमत नव्याच्या निम्मीही नाही. ही तीच खोली. मुलं लहान असताना आबांची कंपनी ती भाड्याने घ्यायची आणि बारा वर्षं हे कुटुंब दर सुट्टीत तिथे जायचं.

"एक सांगतो," आबा म्हणाले. "घ्यायचं की नाही हा प्रश्न नाही. घ्यायचंच आहे. माझं फुप्फुस काय म्हणतंय ते तुम्हाला माहीत आहे. मी गेल्यावर तुमची तोंडं तीन दिशांना. आईबरोबर वर्षातला एक आठवडा तरी तिघं एका छपराखाली राहाल. नवं की जुनं, तेवढं ठरवा."

आई खुर्चीत बसून नातीच्या फ्रॉकची सुटलेली शिवण बोटाने चाचपत होती. धाकटीच्या छोटीला घाई होती. ताईच्या या नव्या फ्लॅटमध्ये लांब पॅसेज होता, त्यात पाच पांढरी दारं, सगळी अगदी एकसारखी, चपलांचं उंच कपाटसुद्धा त्यातच. छोटीला ती सगळी उघडून बघायची होती.

"आजी, सोड ना!"

"जा. लांब जाऊ नकोस हं," आई म्हणाली आणि धाकटीकडे बघून लगेच नजर खाली केली.

धाकटीला तो दिवस आठवला. गेल्या महिन्यात आई छोटीला बालवाडीतून आणायला गेल्या होत्या. दोन गल्ल्या पलीकडे. दीड तास झाला तरी दोघी आल्या नाहीत. शेवटी पेट्रोल पंपामागच्या बाकावर सापडल्या. आईंच्या मांडीवर छोटीचा बूट होता आणि त्या तिला गोष्ट सांगत होत्या. "आजी म्हणाली, आपण घर यायची वाट बघतोय," छोटीने सांगितलं. आईंनी धाकटीचं मनगट असं धरलं होतं की संध्याकाळपर्यंत वळ राहिला. "कोणाला सांगू नकोस. यांना तर मुळीच नको. शपथ घे." धाकटीने घेतली. तेव्हापासून ती रोज काही ना काही कारण काढून स्वतःच बालवाडीत जात होती. आई काही विचारत नव्हत्या. ते न विचारणंच तिला जास्त टोचत होतं.

"सुरुवात कोण करतंय?" आबांनी विचारलं.

*

थोरल्याने केली. विम्याच्या दाव्यांची पाहणी करण्यात त्याचा दिवस जाई. करारातली भोकं त्याला लांबूनच दिसत. नवीन करार म्हणजे पंचवीस वर्षांचा गळफास, हे त्याने पहिल्या पानावरच ओळखलं होतं. म्हणूनच तो नव्याच्या बाजूने बोलला.

"नवंच घ्या. सेकंडहँड आठवडा म्हणजे दुसऱ्याच्या संसाराचा उरलासुरला रस्सा. कोण कुठला दंतवैद्य, त्याच्या गादीवर आपण झोपायचं. नव्यात कंपनी जबाबदार. आणि मुख्य म्हणजे सुटका नाही. मी मेलो तरी माझ्या नावावर वर्गणी चालूच. एवढी खात्री आणखी कुठे मिळते?"

"टोमणे नकोत," आबा म्हणाले.

"नियमात टोमण्यांना बंदी नाही. जीव तोडून मांडा म्हणालात, मांडतोय. गेल्या वेळी तर याहून छान मांडली होती."

ताई आणि धाकटाही नव्याच्याच बाजूने बोलले, तलाव सोडून सगळं जग कसं बघायला मिळेल वगैरे. ताई तर रंगीत कागदावरचा बर्फाचा डोंगर दाखवून म्हणाली, "माझ्या गुडघ्यांसाठीच बनवलाय हा." म्हणजे तिघांनाही जुनंच हवं होतं. धाकटीही दोन वाक्यांत नव्याची बाजू मांडून मोकळी झाली. उलट आबा तलावाबद्दल बोलले. पाण्याबद्दल, तिथल्या हवेबद्दल, बारा वर्षांबद्दल. छान बोलले, पण दमून. म्हणजे त्यांना नवं हवं होतं.

थोरल्याने मनात बेरीज केली. जुनं चार, नवं एक. नऊ वर्षं ठीक आहेत. नऊ वर्षं माणूस निभावून नेतो. त्याला जरा हलकं वाटलं.

"आई, आता तू," धाकटा म्हणाला.

"मी काय बोलू?"

"बोल गं. कुठलं घ्यावं?"

आईने दोन्ही कागद बघितले. मग झेरॉक्सवर हात ठेवला.

"जुनं घ्या. सात नंबर. दार उघडलं की डाव्या हाताला बाथरूम. पलंगापासून सात पावलं. रात्री मी दिवा लावत नाही, तुमची झोप मोडते ना. खिडकीची खालची कडी लागत नाही, काडी अडकवावी लागते. मला सगळं माहीत आहे तिथलं." ती थांबली. "नवं नको. दर वर्षी नवी जागा, नवी दारं. सगळी दारं सारखी असतात हल्ली. नव्या जागेत भिंती हलतात."

"हलतात?" धाकटा हसू दाबत म्हणाला.

"हलतात. झोपताना एका बाजूला असतात, उठल्यावर दुसरीकडे. मला भीती वाटते रे. तिथे नका नेऊ मला."

धाकट्याने टाळी वाजवली.

"वा! भिंती हलतात! दादा, तुझा नंबर गेला."

"आई, तू वकील व्हायला हवी होतीस," ताई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "बघ ना, आम्ही सगळे तुला त्या तलावावरच बांधून ठेवायला निघालो होतो. जन्मभर तेच पाणी, तेच स्वयंपाकघर. तुला कधी विचारलंच नाही आम्ही."

आईने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग तीही हसली. विनोद ऐकू आलेला नसला तरी सगळे हसतात म्हणून माणूस हसतो, तशी.

धाकटी तेवढी हसली नाही.

*

आबाही हसले नाहीत. ते रंगीत कागदावरचा बर्फाचा डोंगर बघत होते.

आठवडाभर घरी ती हेच बोलत होती. याच शब्दांत. सात पावलं, खिडकीची काडी. परवा आबा वाकून तिच्या बुटाची नाडी बांधत होते, तेव्हा त्यांच्या टाळूवर हात ठेवून ती म्हणाली होती, "जुनंच घ्या हं. नव्यात मी हरवेन." नाडी बांधून झाली तरी ते बराच वेळ खालीच बसून राहिले होते. उठायला दम नव्हता, हे एक कारण.

तिला काय होतंय ते त्यांना ठाऊक होतं. चव्वेचाळीस वर्षं ज्या बाईच्या हातचा चहा प्यायला तिने एका सकाळी त्याच कपात दोनदा साखर घातली आणि दोन्ही वेळा ढवळली नाही, तर नवऱ्याला कळत नाही होय? पण ती लपवत होती आणि तिने लपवावं एवढा मान ते तिला देत होते.

नऊ वर्षांनी ती शहात्तरची. आपण नसणार. सात नंबरची मुदत संपेल आणि तिघं सुटतील. थोरला आधी, मग त्याच्याकडे बघून बाकीचे. ती मात्र कुठल्यातरी खोलीत भिंती हलताना बघत बसेल, एकटी. नव्या करारात तिघांची नावं होती आणि बाहेर पडायची वाट नव्हती. थोरल्याने टोमणा म्हणून सांगितलं, आबांना तेच हवं होतं. भिंती हलतील, हलू देत. तिच्या हाताशी पोटचं एक माणूस असेल.

पण आईने जुनं मागितलं असतं तर मुलांनी दुसरं काही घेतलं नसतं. म्हणून फडताळातून डबा निघाला. नियम ती विसरणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

आयुष्यभर आबांनी स्वतः बसवलेला दोर स्वतः पास केला नव्हता.

*

डबा फिरला. पांढरं जुन्याला, काळं नव्याला. धाकटीने पांढरं टाकलं. बटण पत्र्यावर वाजलं तेव्हा तिला वाटलं, आत्ता बोलावं. पण बोलायचं काय? शपथ मोडायची? मग पेट्रोल पंप निघेल, बाक निघेल, छोटीचा बूट निघेल. मग आईंकडे कोण बघणार हा प्रश्न टेबलावर येईल आणि घरी बसून भाषांतरं करणारी एकटी तीच आहे. असा हिशेब आपल्या डोक्यात इतक्या पटकन झाला याची तिला लाज वाटली. तिने डबा पुढे सरकवला.

आबांनी झाकण उघडून बटणं टेबलावर ओतली. चार काळी, दोन पांढरी.

"नवं," आबा म्हणाले.

"पांढरं एक माझ्या बायकोचं," धाकटा म्हणाला. "चेहऱ्यावर लिहिलंय. दुसरं दादाचं."

"माझं नाही," थोरला म्हणाला.

"गुप्त मतदान आहे," आबा घाईने म्हणाले.

"असू दे गुप्त. मी काळं टाकलं. आईसाठी." त्याने ताईकडे पाहिलं. "तू?"

"मीपण आईसाठीच."

"मग दुसरं पांढरं कोणाचं?"

तेवढ्यात खाली बेल वाजली. कंपनीची बाई वेळेच्या आधीच आली होती. ती वर येईपर्यंत धाकट्याने दंतवैद्यांना फोन लावला, नकार कळवायला, स्पीकरवर.

"बरं, बरं," पलीकडचा म्हातारा आवाज म्हणाला. "हरकत नाही. कोणी घेतलीच तर एक सांगायचं होतं म्हणून वाट बघत होतो. त्या खिडकीची खालची कडी लागत नाही हो. काडी अडकवावी लागते. आमची ही नेहमी..." आवाज थांबला. "असो. ठेवतो."

धाकट्याने फोन खाली ठेवला. या वेळी तो हसला नाही.

कंपनीची बाई आली. स्वच्छ कपडे, गार हात, प्रत्येकाला नमस्कार. फॉर्मवर तिने पेन्सिलीने फुल्या मारून आणल्या होत्या. आबांनी सही केली. ताईने केली, धाकट्याने केली. थोरल्याने पेन घेतलं, पण टोपण काढलं नाही. तो आईकडे बघत राहिला. मग त्याने केली.

"आता फक्त काकूंची," बाई म्हणाली आणि कागद आईपुढे सरकवला.

आईने पेन हातात घेतलं आणि धाकटीला हळूच विचारलं, "इथे करू का गं?"

"आईंनी उलटी बाजू मांडली नव्हती," धाकटी म्हणाली.

स्वतःचा आवाज तिला फार मोठा वाटला.

"काय?" ताई म्हणाली.

"त्या खरं बोलत होत्या. त्यांना तलावच हवाय. नियम त्यांच्या लक्षात नव्हता." आता थांबता येत नव्हतं. "त्या विसरतात. गेल्या महिन्यात छोटीला घेऊन वाट चुकल्या. दीड तास. मी कोणाला सांगितलं नाही, त्यांनीच नको म्हटलं होतं. ताई, त्यांना नव्या जागी नका नेऊ. त्यांना खरंच भीती वाटते."

"दीड तास? माझी मुलगी दीड तास...?" धाकटा उठलाच. "आणि तू मला सांगितलं नाहीस?"

थोरला मात्र आबांकडे बघत होता. "आबा, तुम्हाला माहीत होतं."

आबा खोकले. खोकला खरा होता, पण लांबवलेलाही.

"डबा म्हणून आणलात," थोरला हळू आवाजात म्हणाला. "मला वाटलं, माझ्यासाठी आणलात. माफी मागायला. एवढा मूर्ख मी."

"मी... नंतर येऊ का?" कंपनीच्या बाईने विचारलं.

"थांबा," आई म्हणाली.

ती ताठ बसली होती. चेहरा लाल झाला होता. धाकटीकडे तिने पाहिलं, एकदाच. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"कोण विसरतं? मी?" आई म्हणाली. "नियम मी विसरेन? बटणं कोणाची आहेत डब्यातली? या दादाच्या पहिल्या कोटाची आहेत ती काळी, मी काढून ठेवलेली. उलटी बाजू मांडायला सांगितलीत, मांडली. चांगली मांडली तर म्हणे विसरले!"

"आई," ताई तिच्या गुडघ्यापाशी बसली, "खरं सांग. तुला तलाव हवाय ना? आत्ता फाडू आपण हा कागद."

"मला नवं हवंय."

"आई..."

"नवं हवंय म्हटलं ना! डोंगर बघायचाय मला. बर्फाचा." तिने पेन घट्ट धरलं. "वाट चुकले म्हणे. गप्पा मारत बसलो होतो आम्ही दोघी. पोरीला विचारा."

छोटीला कोणी विचारलं नाही. ती दारात उभी होती आणि तिचं तोंड उघडं होतं. धाकटीने तिला जवळ ओढून तिचं तोंड आपल्या कुशीत दाबलं.

आईने सही केली. फुलीवर, न थरथरता, शाळेतल्यासारखं एकेक अक्षर वळण देऊन. मग पेनाला टोपण लावलं आणि ते बाईला परत दिलं.

"झालं? सुटलात सगळे," ती म्हणाली. "मी जरा हात धुऊन येते. कोणी उठू नका. मला माहीत आहे कुठे आहे ते."

कोणी उठलं नाही. उठणं म्हणजे काय ते आता सगळ्यांना कळत होतं.

ती पॅसेजमध्ये गेली. हॉलमधून ती पूर्ण दिसत होती. पहिल्या दारापाशी थांबली. पुढे गेली. परत आली. मग डाव्या हाताचं दार तिने ठामपणे उघडलं.

ते चपलांचं कपाट होतं.

आई त्या उघड्या कपाटासमोर पाठमोरी उभी राहिली. कंपनीच्या बाईने कागद गोळा करता करता वर पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं. आबांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

मग आईने वाकून खालच्या कप्प्यातून चपलांचा एक जोड काढला. जावयाच्या चपला होत्या. तिने त्या नीट जुळवून जमिनीवर ठेवल्या, अगदी त्यासाठीच आल्यासारखं, आणि पायात घातल्या.